डिस्लेक्सिया आणि वाचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलण्यात चटपटीत, गोष्टी मन लावून ऐकणारं, प्रश्न विचारून भंडावून सोडणारं मूल पुस्तक समोर आलं की अडखळतं. ओळी गाळतं, अंदाजाने शब्द ठोकून देतं, पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातं. घरच्यांना वाटतं लक्ष नाही, शाळा म्हणते सराव कमी पडतोय. अशा मुलांचे पालक, त्यांचे शिक्षक आणि स्वतः असं बालपण काढलेली मोठी माणसं जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. गैरसमज जिथे जास्त आहेत, तिथे उत्तरही लांबलं आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे नेमकं काय?

नजर चांगली, ऐकू नीट येतं, शिकवणीही इतरांसारखीच मिळाली, तरी लिहिलेला शब्द अचूक आणि सहज ओळखता येत नाही. वाचनाचा वेग वाढत नाही, शुद्धलेखनात तीच तीच चूक होत राहते. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. तिचं मूळ मेंदूच्या घडणीत असतं आणि ती आयुष्यभर कमीअधिक प्रमाणात सोबत राहते.

'आहे' आणि 'नाही' अशी स्वच्छ रेषा इथे नसते. कुणाला थोडा त्रास, कुणाला फार. म्हणूनच प्रमाणाचे आकडेही वेगवेगळे ऐकू येतात. साधारण ५ ते १० टक्के हा अंदाज बऱ्याच ठिकाणी दिला जातो, आणि व्याख्या सैल केली की तो वाढतो. कडक व्याख्या धरली तरी मोठ्या वर्गात असं एखाद-दुसरं मूल असणारच, हे शिक्षकांनी गृहीत धरायला हवं.

अशा मुलांना अक्षरं उलटी दिसतात, नाचताना दिसतात, हे खरं का?

हा सर्वांत पसरलेला समज आहे आणि त्याने नुकसानही खूप केलं आहे. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. पान वाचताना थकलेली काही मुलं 'अक्षरं हलतात' असं सांगतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा. पण वाचन अडतं त्याचं मुख्य कारण ते नव्हे.

समजाची मुळं इतिहासात आहेत. १८८७ मध्ये 'डिस्लेक्सिया' हे नाव दिलं ते जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी. पुढे या विषयावर सर्वाधिक लिहिणाऱ्यांपैकी एक, ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवुड, हेही डोळ्यांचेच शल्यविशारद होते. वाचता न येणारा माणूस आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा, त्यामुळे त्या काळी 'शब्दांधळेपणा' असा शब्द वापरला गेला. शब्द मागे पडला, त्याची छाया राहिली.

मग अक्षरं उलटी लिहिण्याचं काय? लिहायला शिकणारी बहुतेक मुलं हे करतात. एखादी वस्तू डावीकडून पाहिली काय किंवा उजवीकडून, ती तीच आहे, हे मेंदू बाळपणीच शिकलेला असतो. अक्षरांच्या बाबतीत ही सवय त्याला मोडावी लागते. इंग्रजी बी आणि डी, मराठी ३ आणि ६ यांची अदलाबदल सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलात ती जास्त काळ टिकू शकते. पण केवळ तेवढ्यावरून निदान होत नाही, आणि एकही अक्षर उलटं न लिहिणाऱ्या मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो.

मग अडतं कुठे?

आवाज आणि खूण यांच्या जोडणीत.

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचन तसं येत नाही, ते शिकवावं लागतं. लिपी ही माणसाने काही हजार वर्षांपूर्वीच घडवलेली वस्तू आहे, तिच्यासाठी मेंदूत जन्मजात जागा नाही. बोललेल्या शब्दाचे आवाज सुटे करायचे, प्रत्येक आवाजाची खूण ओळखायची, खुणांवरून आवाज पुन्हा जोडायचे, असं करत मेंदू डाव्या बाजूला एक नवी वाट तयार करतो. आवाज हाताळणारे भाग आणि आकार ओळखणारा मागचा भाग त्या वाटेने जोडले जातात. मेंदूच्या चित्रणात असं दिसतं की डिस्लेक्सिया असलेल्यांच्या वाचनात डाव्या बाजूचे हे भाग कमी सक्रिय असतात.

बहुतेक मुलांत पहिली पायरीच कच्ची असते. 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरेल? 'मोर'मधल्या 'मो'च्या जागी 'दो' घातला तर कोणता शब्द होईल? या प्रश्नांत अक्षर कुठेच दिसत नाही, डोळे मिटूनही उत्तर देता येतं. तरी ही मुलं इथे चाचपडतात. काहींची दुसरीही एक अडचण असते. रंग, अंक, वस्तू यांची नावं माहीत असूनही ती भरभर तोंडावर येत नाहीत. दोन्ही अडचणी एकत्र आल्या तर वाचन जास्तच जड जातं.

काल वाचता आलेला शब्द आज का येत नाही?

पालकांचा संयम सुटतो तो इथेच. 'आत्ता वरच्या ओळीत वाचलास की!' हे वाक्य कित्येक घरांत रोज ऐकू येतं.

वाचायला सरावलेलं मूल नवा शब्द मोजक्या वेळा फोड करून वाचतं आणि मग तो पाहताक्षणी ओळखू लागतं. शब्दाचा आवाज, अर्थ आणि अक्षरांचा क्रम यांची घट्ट गाठ बसते. डिस्लेक्सियात ही गाठ बसायला कितीतरी जास्त वेळा तो शब्द वाचावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या ओळीतला शब्द सहाव्या ओळीत पुन्हा परका होतो. मुलाने लक्ष दिलं नाही असा त्याचा अर्थ नाही. उलट त्या चार ओळींत ते शेजारच्या मुलापेक्षा जास्त राबलेलं असतं, आणि म्हणूनच परिच्छेद संपेपर्यंत सुरुवातीचा अर्थ निसटून गेलेला असतो.

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो. मग देवनागरीत डिस्लेक्सिया कसा असेल?

असतो, फक्त त्याचं रूप वेगळं असतं. या विषयावरची लोकप्रिय माहिती बहुतांशी इंग्रजीवर बेतलेली आहे. तीच डोक्यात ठेवून मराठी वाचन पाहिलं तर मूल हातातून निसटतं.

देवनागरीत खुणेवरून आवाज ओळखणं इंग्रजीपेक्षा पुष्कळच नियमित आहे, हे खरं. पण खुणा किती! ३४ व्यंजनांची १२ रूपं मांडली तरी बाराखडी चारशेपुढे जाते, त्यावर जोडाक्षरं वेगळी. इंग्रजीची २६ अक्षरं वर्षभरात पाठ होतात. आपल्याकडच्या खुणा पक्क्या व्हायला तिसरी-चौथी उजाडते, तीही अडचण नसलेल्या मुलांची.

'विद्यार्थी' हा एकच शब्द घ्या. पहिली वेलांटी 'व'च्या आधी काढलेली आहे, पण उच्चारायची 'व'नंतर. मग 'द' आणि 'य' एकमेकांत मिसळून तिसराच आकार झाला आहे. 'र' बोलायचा 'थ'च्या आधी, पण तो रफार होऊन 'थ'च्या डोक्यावर जाऊन बसला आहे. शेवटची वेलांटी मात्र उजवीकडे, उच्चाराच्या क्रमाने. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि आवाज वेगळ्या क्रमाने येतो. ज्याच्या मेंदूत आवाज आणि खूण यांची गाठ आधीच सैल आहे, त्याच्यासाठी हा एक शब्द म्हणजे चार वेगवेगळी कामं आहेत.

'र'ची वेगळीच कथा. कर्म, प्रकाश, ट्रक, सुऱ्या: आवाज एकच, चिन्हं चार. त्यात काही गोष्टी लिपी दाखवतच नाही. 'चमचा' लिहिताना 'म' पूर्ण, बोलताना मात्र तो अर्धाच. 'थोडंसं' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाचा 'जरा' कागदावर सारखेच, तोंडात वेगळे.

मराठी वाचताना ज्या चुका ऐकू येतात त्या साधारण अशा: घ-ध, भ-म, प-ष, थ-य या सारख्या दिसणाऱ्या जोड्या, क-ख, त-थ, ब-भ या सारख्या ऐकू येणाऱ्या जोड्या, काना-मात्रा गळणं, 'प्रकाश'चा 'परकाश', 'सूर्य'चा 'सूय', 'बागेत' लिहिलेलं असताना पहिलं अक्षर पाहून 'बाहेर' म्हणणं. विभक्तीही घसरते, 'मुलाने'चं 'मुलाला' होतं. आणि 'डोंगरापलीकडच्या' यासारखा प्रत्ययांनी लांबलेला शब्द आला की मूल निम्म्यात थांबतं.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र चुकांत नसते. नियमित लिप्यांत बरीच मुलं हळूहळू बरोबर वाचायला शिकतात, वेग मात्र येत नाही. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. इटालियन भाषेची लिपी नियमित, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक बाकीच्या दोघांपेक्षा बरे वाचत होते. पण मेंदूतला नमुना तिघांत सारखाच होता. म्हणून मराठीत 'वाचतो, पण फार हळू' हे वाक्य गांभीर्याने घ्यायला हवं. पाचवीतलं मूल अजून अक्षर-अक्षर जोडत असेल, तर एकही चूक नसली तरी विचारपूस करावी.

मराठी बरी वाचते, इंग्रजीत मात्र गाडी अडते. हे काय असेल?

दोन शक्यता आहेत. एक, इंग्रजी कानावरच पडलेली नाही. शब्दच माहीत नसतील तर वाचणार काय? दुसरी, सौम्य डिस्लेक्सिया मराठीच्या नियमितपणामुळे झाकला गेला होता, तो इंग्रजीच्या बेभरवशाच्या स्पेलिंगने उघडा पाडला. फरक ओळखायला मराठीतला वाचनवेग आणि श्रुतलेखन पाहावं. दोन भाषा शिकल्याने डिस्लेक्सिया होत नाही आणि एक भाषा सोडून दिल्याने तो जातही नाही.

बुद्धी कमी असते का? की उलट जास्त असते?

दोन्ही नाही. १८९६ मध्ये ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात बरा, खेळात मागे नाही, पण वाचता येईना; स्वतःचं नावही तो चुकीचं लिहायचा. शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चुणचुणीत मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. त्या वर्णनात आजच्या कित्येक मुलांची ओळख पटेल.

पुढे बरीच दशकं एक विचित्र नियम चालला. बुद्ध्यंक चांगला आणि वाचन कच्चं असेल तरच डिस्लेक्सिया मानायचा. त्यामुळे मध्यम किंवा कमी बुद्ध्यंकाची मुलं मदतीवाचून राहिली. वाचनातली मूळ अडचण दोन्ही गटांत सारखीच असते आणि मदतही तीच लागते, हे स्पष्ट झाल्यावर तो निकष मागे पडला. 'डिस्लेक्सिया म्हणजे दडलेली प्रतिभा' ही समजूतही मुलांवर ओझं टाकते. साध्या, सर्वसाधारण मुलालाही वाचायला शिकण्याचा तितकाच हक्क आहे.

हे कशामुळे होतं? आमचं काही चुकलं का?

नाही. मोबाईलमुळे, लाडामुळे, आईने नोकरी केल्यामुळे डिस्लेक्सिया होत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई किंवा वडिलांना अडचण असेल तर मुलाला ती असण्याची शक्यता बरीच वाढते, कित्येक अभ्यासांत ती निम्म्याच्या आसपास येते. एकच जनुक कारणीभूत नसतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डिस्लेक्सिया असलेल्या ५० हजारांहून जास्त प्रौढांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या ४२ जागा संबंधित आढळल्या. मुलाची तपासणी सुरू असताना 'मलाही शाळेत असंच व्हायचं' हे एखाद्या वडिलांना पहिल्यांदाच उमगतं, ते या कारणानेच.

मुलींमध्ये कमी असतं का?

थोडं कमी, पण जितकं वाटतं तितकं नाही. मुलगे वर्गात दंगा करतात म्हणून त्यांची तपासणी होते. गप्प बसून मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेणारी मुलगी नजरेतून सुटते.

शाळेत जाण्याआधी काही कळतं का?

निदान होत नाही, पण धोका ओळखता येतो. उशिरा बोलणं, बडबडगीतांतली यमकं न पकडता येणं, 'हेलिकॉप्टर'चं 'हेकिलॉप्टर' हे वय उलटल्यावरही तसंच राहणं, रंगांची नावं पुन्हा पुन्हा विसरणं, स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर लक्षात न राहणं. यातलं एखादं कुठल्याही मुलात दिसतं. बरीच एकत्र असतील आणि घरात कुणाला वाचनाची अडचण असेल, तर डोळे उघडे ठेवावेत.

तपासणी कधी करावी आणि त्यात काय होतं?

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकण्यात किंवा नजरेत दोष असेल तर तो वेगळा हाताळावा लागतो. त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडे शब्द वाचणं, निरर्थक शब्द वाचणं, वाचनवेग, आकलन, श्रुतलेखन, आवाजांची फोड आणि गणित यांच्या चाचण्या होतात. निरर्थक शब्द मुद्दाम ठेवतात, कारण तिथे पाठांतर किंवा अंदाज चालत नाही. ज्या भाषेत मूल शिकतं त्या भाषेत तपासणी व्हायला हवी; मराठी माध्यमाच्या मुलाची फक्त इंग्रजी चाचणी घेतली तर निष्कर्षाला अर्थ नाही. रक्त तपासून किंवा मेंदूचं चित्र काढून डिस्लेक्सियाचं निदान होत नाही.

अधिकृत निदान सहसा मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर होतं. पण मदत त्यासाठी थांबवू नका. 'अजून लहान आहे, होईल आपोआप' हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि तो सर्वांत महाग पडतो. पहिली-दुसरीत मिळालेल्या मदतीने जे साधतं, ते पाचवीत साधायला कितीतरी जास्त श्रम लागतात. पुढे निदान झालं नाही, तरी जादा वाचन शिकवल्याने कुणाचं नुकसान होत नाही.

तपासणीत लक्ष टिकवण्याची अडचण, गणिताची किंवा लेखनाची अडचणही पाहायला सांगा. या गोष्टी बरेचदा डिस्लेक्सियासोबत येतात.

औषध, रंगीत काचा, डोळ्यांचे व्यायाम, खास फॉन्ट: यांचा उपयोग होतो का?

डिस्लेक्सियावर औषध नाही. सोबत लक्ष न टिकण्याचा विकार असेल तर त्यासाठीची औषधं डॉक्टर देतात, ती गोष्ट वेगळी. रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनात हेच सांगितलं. खास फॉन्टचाही ठोस फायदा दिसलेला नाही. मोठी अक्षरं, त्यांच्यात जास्त अंतर आणि मोकळ्या ओळी यांनी काही मुलांना वाचणं सोपं जातं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मला सर्वांत राग येतो तो 'तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा' अशा जाहिरातींचा. पैसे जातातच, पण मुलाची वाचन शिकण्याची मोलाची वर्षंही जातात.

मग खरोखर उपयोग कशाचा होतो?

आवाज आणि खूण यांचं नातं उघडपणे, क्रमाने, सावकाश आणि पुन्हा पुन्हा शिकवण्याचा. अमेरिकन मेंदूतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ पासून या मुलांवर लिहायला सुरुवात केली आणि शिक्षिका अॅना गिलिंगहॅम यांच्यासोबत शिकवण्याची रीत विकसित केली. पाहणं, ऐकणं, उच्चारणं आणि हाताने गिरवणं ती एकत्र आणते. आजच्या बऱ्याच पद्धती त्याच वळणाच्या आहेत.

मराठीत याचा अर्थ असा. दिसायला आणि ऐकायला अगदी वेगळी असलेली चार-पाच अक्षरं आधी घ्या. घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवू नका. त्या अक्षरांचे शब्द लगेच वाचायला द्या, सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबू नका. मग एकेक स्वरचिन्ह. पहिल्या वेलांटीला वेगळा वेळ द्या: बोट आधी 'व'वर, मग वेलांटीवर, आणि उच्चार त्याच क्रमाने. जोडाक्षर आलं की ते फोडून दाखवा, पुन्हा जोडा. लांब शब्द मुळापासून वाढवत न्या: डोंगर, डोंगरा, डोंगरापलीकडे, डोंगरापलीकडच्या. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण रोज. एकाच शब्दाची पानभर उजळणी मात्र टाळा. दहाव्या वेळी हात चालतो आणि मन बंद असतं. त्याऐवजी शब्द ओठांनी फोडून एकदा लिहिणं जास्त पक्कं बसतं.

वेगासाठी छोटा उतारा आधी मोठ्याने, मुलासोबत एका सुरात वाचा. मग त्याला एकट्याने दोन-तीनदा वाचू द्या.

ऐकती पुस्तकं दिली तर वाचनाचा आळस येणार नाही?

नाही येणार. वाचन शिकणं आणि ज्ञान मिळवणं या दोन कामांची गल्लत करू नका. दहा वर्षांच्या मुलाचं वाचन सात वर्षांच्या पातळीचं असेल, तरी त्याचं कुतूहल दहा वर्षांचंच असतं. त्याला गोष्टी, इतिहास, विज्ञान ऐकायला मिळालं नाही तर शब्दसंपत्ती आटते आणि मग वाचता आलं तरी समजत नाही. वाचनाचा रोजचा सराव वेगळा चालू ठेवा आणि बाकीचा वेळ त्याला भरपूर वाचून दाखवा, बारा वर्षांचं झालं तरीही.

शाळेकडून काय मागावं?

जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवण्याची सोय, भाषेखेरीज इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण न कापणं, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणं. आणि एक गोष्ट जिला काहीच लागत नाही: पूर्वसूचनेशिवाय वर्गासमोर वाचायला उभं न करणं. वाचायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी द्यावा. शाळेच्या सकाळी दुखणारं पोट कित्येकदा याच भीतीचं असतं.

मुलाला निदान सांगावं का?

सांगावं. न सांगितलं तरी मुलाने स्वतःसाठी एक नाव शोधलेलंच असतं, आणि ते बहुतेक वेळा 'ढ' असतं. 'तुझा मेंदू शब्दांचे आवाज सुटे करायला जास्त वेळ घेतो, म्हणून आपण वेगळ्या रीतीने शिकणार आहोत' एवढं सात वर्षांच्या मुलालाही समजतं. भावंडांनाही सांगा.

मी चाळीशीचा आहे. आता काही होईल का?

होईल. मोठेपणीही तपासणी करता येते आणि वाचन सुधारता येतं, वेग मुलांइतका वाढला नाही तरी. रोजच्या कामासाठी मजकूर वाचून दाखवणारं आणि बोललेलं टंकून देणारं तंत्र आता मराठीतही फोनवर आहे. ते उघडपणे वापरा. कामावर लांबलचक मजकूर आयत्या वेळी हातात देण्याऐवजी आधी पाठवायला सांगा.

एक सावधगिरी. आयुष्यभर नीट वाचणाऱ्या माणसाला अचानक वाचता येईनासं झालं, तर तो डिस्लेक्सियाचा हा प्रकार नव्हे. पक्षाघात किंवा मेंदूला झालेली इजा हे त्याचं कारण असू शकतं, तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावं.